काकाउ तळ्याची लिंदाल्वा

लिंदाल्वाकडून सुई टोचून घेताना रडलेलं पोर आमच्या गावात शोधून सापडणार नाही. रडायची सोयच नव्हती. "रडतोस कशाला रे? सुई माझी, औषध सरकारचं. तुझा नुसता दंड. तुझं गेलं काय त्यात?" असं ती दरडावायची. पोर विचारात पडायचं, तोवर सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची.

आमचं सांता लूसिया गाव काकाउ तळ्याच्या काठावर, उंच खांबांवर उभं आहे. तळ्यातून एक चिंचोळी पाण्याची वाट मोठ्या नदीला मिळते आणि नदीने खाली गेलं की शहर लागतं. रस्ता म्हणून काही नाही. जे काय येणार-जाणार ते पाण्यावरून. मी एदमार, आरोग्य खात्याची लाँच चालवायचो. डॉक्टर मोठ्या बोटीतून महिन्यातून एकदा यायचे, तेही नदीची मर्जी असली तर. एरवी ताप, जुलाब, कुऱ्हाडीचे घाव, बाळंतपणं, सगळं लिंदाल्वाच्या अंगावर. शहरात राहून ती नर्सिंग शिकून आली होती आणि निळ्या रंगाच्या त्या लाकडी दवाखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

तिने लग्न केलं नाही. बहीण हिवतापाने गेली, तेव्हा मागे रांगती पोर राहिली, ताइनारा. लिंदाल्वाने तिला वाढवलं. लाड असा प्रकार तिच्याकडे नव्हता. पोरीला जवळ घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. पण पोर पाण्यात पोहत असली की ही काठावर हातातलं काम टाकून उभी असायची, ते पुष्कळदा पाहिलं.

ताइनाराला राज्याच्या राजधानीत, मानाउसला, डॉक्टरकीला जागा मिळाली तेव्हा गावाने तांबाकी मासे भाजून जेवण घातलं. पहिल्या सुट्टीत पोरगी आली ती नवंच काहीतरी बोलू लागली.

"मावशी, आम्ही विद्यार्थ्यांनी एक गट काढलाय. नर्सिंगची मुलं आहेत, डॉक्टरकीची आहेत, आमचे दोन प्राध्यापक आहेत. हवा तापतेय, नद्या आटतात, धूर होतो, त्यानं माणसं आजारी पडतात. ते आम्ही सरकारपुढे मांडणार."

"का? सरकारला डोळे नाहीत?"

"आहेत. पण बघत नाही."

"म्हणजे इतकी वर्षं शिकून तुम्ही सगळे डोळ्यांचे डॉक्टर होणार!"

आम्ही हसलो. ताइनाराही हसली, पण तिने विषय सोडला नाही. लिंदाल्वा शेवटी वैतागून म्हणाली, "हे बघ पोरी, भाषणानं जुलाब थांबत नाहीत. मला सलाईनच्या बाटल्या पाठव, मग हवेचं बघू."

मग काही वर्षांनी दोन हजार तेवीस साल आलं.

नदी दरवर्षी उतरते. उतरलेल्या पाण्यात मासे सोपे मिळतात, मोकळ्या झालेल्या गाळात आम्ही कलिंगडं लावतो. त्याचं आम्हाला भय नसतं. पण त्या वर्षी पाणी उतरायला लागलं ते थांबेचना. तळ्याचं पाणी इतकं तापलं की हात घालवेना. मासे पोट वर करून तरंगायला लागले. मग आमचे गुलाबी बोतो, ते माणसाएवढे नदीतले डॉल्फिन, काठाला येऊन मेले. वासाने जेवण जाईना. पाण्याची वाट बंद झाली आणि माझी लाँच पलीकडे, नदीकाठी अडकली. गाव आणि नदी यांच्यामध्ये नुसता चिखल राहिला: वरून भेगाळलेला, आतून दलदल.

त्यात धूर. दूर कुठेतरी मोठमोठे जमीनमालक रान जाळत होते. धूर आमच्यावर येऊन बसला तो हललाच नाही. भरदुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. पोरं खोकायची, म्हाताऱ्यांना दम लागायचा. लिंदाल्वा लहानपणापासून कसाव्याच्या कंदाचं पीठ भाजायच्या भट्टीवर बसलेली, तिची छाती आधीच कमजोर. तीही दवाखान्याच्या खांबाला धरून खोकायची.

ताइनारा तिच्या दोन सोबत्यांना घेऊन चिखल तुडवत आली. पाणी गाळायची फडकी आणली, तोंडाला बांधायचे मास्क आणले आणि हातात मावेल अशी एक डबी आणली.

"ही काय सांगते?" लिंदाल्वानं विचारलं.

"हवेत धूर किती आहे ते."

"त्याला डबी कशाला? माझा खोकला सांगतो की. आणि फुकट सांगतो."

"तुझा खोकला राजधानीत कुणाला ऐकू जात नाही, मावशी. हिचा जातो."

लिंदाल्वाने डबी घेतली आणि दवाखान्याच्या दाराशी टांगली.

गावात आदेमिर म्हणून एक मासेमार होता. त्याची बायको, जोसियाने तिचं नाव, पोटुशी होती. पाणी उतरायच्या आधीच लिंदाल्वाने तिला शहरात धाडलं होतं, की दिवस भरतील तेव्हा दवाखाना जवळ असावा. पण शहरात तिचं कुणी नव्हतं. बंदरावरच्या एका शेडखाली ती झोपायची झोळी टांगून राहिली. रात्री दारुडे यायचे, दिवसा शेडवाला हाकलायचा. शेवटी रडत रडत परत आली. लिंदाल्वाने तिला पाहिलं आणि म्हणाली, "बरं. ये. बघू." दुसरं काय म्हणणार होती?

एका सकाळी आदेमिर धावत आला. जोसियानेला रक्त जात होतं, आणि कळा धड सुरूही झाल्या नव्हत्या.

लिंदाल्वाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "एदमार, माणसं गोळा कर. जाड बांबू घे. हिला इथे ठेवली तर गेली."

झोळी बांबूला बांधली, जोसियानेला तिच्यात निजवलं आणि आम्ही चिखलात उतरलो. पुढे आदेमिर आणि मी, मागे आणखी दोघं. ताइनारा सलाईनची बाटली डोक्यावर धरून बाजूने चालत होती. तिचे सोबती पुढे जाऊन काठीने चिखल टोचत होते, पाऊल कुठे टाकायचं ते सांगत होते. तरी मांडीपर्यंत पाय जायचा. एक पाय उपसला की दुसरा रुतायचा. वर सूर्य नव्हता, पण आग होती. धुराने घसा सोलून निघत होता.

लिंदाल्वा झोळीला लागून चालत होती आणि सारखी बोलत होती.

"दोना, माझे पाय गार पडले," जोसियाने म्हणाली. मानाच्या बाईला आम्ही दोना म्हणतो.

"पडू देत. एवढ्या उकाड्यात गार पाय मिळायला नशीब लागतं."

जोसियानेला हसू आलं. मग तिने थोरल्या मुलाला काय खायला घालायचं ते विचारलं, मग आईचं नाव घेतलं, मग बोलायची थांबली. ताइनाराने तिच्या मानेवर बोटं ठेवली आणि मावशीकडे पाहिलं. नदी समोर दिसत होती. माझी लाँचही दिसत होती.

"खाली ठेवू," मागचा माणूस म्हणाला.

"कुणी खाली ठेवायचं नाही!" आदेमिर ओरडला. "चला!"

आम्ही चालत राहिलो. लाँचपर्यंत नेलं. पोटातलं बाळही गेलं होतं. आदेमिर लाँचच्या कडेवर बसला, लिंदाल्वाकडे बघत म्हणाला, "तूच तिला परत येऊ दिलंस."

ओंजळीने पाणी घेऊन लिंदाल्वा जोसियानेच्या पायांचा चिखल धूत होती.

त्यानंतर आदेमिर तिच्याशी कधी बोलला नाही. लोक मला म्हणतात, त्याचं चुकलं. माझी जीभ तसं म्हणायला वळत नाही.

ताइनारा परत निघाली त्या दिवशी लिंदाल्वा दवाखान्याच्या पायरीवर कसाव्याचं पीठ आणि मिरची घेऊन जेवत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "ती तुमची सुनावणी का काय, ती कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. शहरातच. राज्याचे आमदार लोकांचं ऐकायला येणार आहेत."

"मला काय बोलावं लागेल?"

"मावशी, तुला यायलाच पाहिजे असं नाही."

"ते मी विचारलं नाही."

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. मीच लिंदाल्वाला घेऊन गेलो. आधी मुलांनी पडद्यावर नकाशे दाखवले, धुराचे आलेख दाखवले. ताइनारा नीट, थंडपणे बोलली. तिच्या प्राध्यापकांनी सांगितलं की पाणी आटलं की जुलाब वाढतात, सापाचे दंश वाढतात, कारण पाणी उरतं तिथे सापही येतात आणि माणसंही. सापाच्या विषावरची लस मात्र शहरात पडून असते. मग नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा प्रमुख उठला. गोड माणूस, गोड आवाज. "नदी देवाची आहे," तो म्हणाला. "ती चढते, ती उतरते. आपल्या आजोबांनीही दुष्काळ पाहिले. माणसाने किती करायचं?" लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

मग लिंदाल्वा. खात्याचा गणवेश धुऊन, इस्त्री करून घातला होता. माईक तिने दोन्ही हातांनी धरला.

"आकडे पोरांनी सांगितले. ते खरे आहेत. मी एका बाईचं सांगते," ती म्हणाली आणि तिने जोसियानेचं सांगितलं. शेड सांगितली, दारुडे सांगितले, चिखल सांगितला. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, "नदी आटणार हे आम्हाला महिनाभर आधी दिसतं. बाई कधी बाळंत होणार हे त्याच्याही आधी कळतं. दोन्ही ठाऊक असताना बाई चिखलात का मरते? देवाला मध्ये आणू नका. देवानं दोन्ही गोष्टी वेळेवर कळवल्या होत्या. आम्हाला शहरात एक घर द्या. बायकांना झोळी टांगायला चार भिंती, बाकी काही नको. आणि पाणी उतरायच्या आधी सापाची लस गावात आणून ठेवा."

खात्याचा प्रमुख हसतच म्हणाला, "दोना लिंदाल्वा, तुम्ही खात्याच्या नोकर आहात, हे विसरू नका."

"विसरले नाही, साहेब. म्हणून तर गणवेश घालून आले."

मुलांनी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. आठवड्याभरात ते मानाउसमध्ये घरोघर पोचलं. टीव्हीवाले आले. सरकारी वकिलांनी नगरपालिकेला नोटीस धाडली: पुढच्या वर्षी पाणी उतरायच्या आधी बाळंतिणींसाठी घर तयार पाहिजे.

वर्ष सरलं तशी लिंदाल्वाची नोकरीही सरली. तिची नेमणूक कराराची होती. तो दरवर्षी आपोआप पुढे सरकायचा, या वर्षी सरकला नाही. कारण कुणी सांगितलं नाही. दवाखान्याला कुलूप लागलं, नवीन माणूस येणार म्हणाले, आला नाही. मला लाँचसकट शहरात बोलावून घेतलं.

आणि मग गाव तिच्यावर उलटलं. सगळं नाही, पण पुष्कळसं.

"तोंड आवरलं असतं तर दवाखाना तरी राहिला असता," बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. "टीव्हीवर झळकायची हौस."

त्याच बायका पोराला ताप आला की तिच्या स्वयंपाकघराच्या शिडीशी उभ्या राहायच्या. ती ताप बघायची, मीठ-साखरेचं पाणी करून पाजायची. औषध मात्र तिच्याकडे उरलं नव्हतं. पोट भरायला पुन्हा भट्टीवर पीठ भाजू लागली, आणि भट्टीचा धूर तिच्या छातीला सोसत नव्हता.

ताइनारा फोनवर रडली. "माझ्यामुळे झालं, मावशी. मी तुला नेलं नसतं तर..."

"तू कुठे नेलंस? माझे पाय होते. तुझ्या पायांनी चालत गेले होते का मी?" मग म्हणाली, "घराचं काय झालं?"

घर झालं. चर्चच्या मागे, भाड्याचं, पावसाने काळवंडलेलं. पण भिंतींना झोळीचे हूक होते, मोरीत पाणी होतं आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर. लस मात्र गावात पोचली नाही. फ्रीज नाही म्हणाले. फ्रीज आला तेव्हा त्याला वीज नाही म्हणाले.

दोन हजार चोवीसला नदी आदल्या वर्षीपेक्षा खाली गेली. आमच्या म्हाताऱ्यांनी जन्मात न पाहिलेली वाळू वर आली. धूर आधी आला आणि अधिक दाट आला.

घर होतं, पण बायका जायला तयार नव्हत्या. परक्या घरात, परक्या बायकांत महिनाभर कशाला? मागे नवऱ्याचं कोण बघणार, कोंबड्यांचं कोण बघणार? जोसियाने गेली होती, तिचं काय झालं? लिंदाल्वा एकेका घराच्या शिडीखाली जाऊन उभी राहायची. शिव्या खायची, शिव्या द्यायची आणि शेवटी बाईला घेऊनच निघायची. चिखल थोडा वाळला होता, चालता येत होतं. ती त्यांना नदीपर्यंत आणून पोचवायची, मी लहान होडी घेऊन वाळूच्या कडेशी थांबलेला असायचो. मग ती तशीच वळून परत गावाकडे चालू लागायची, त्या धुरात.

एकदा तिचे ओठ निळसर दिसले.

"लिंदाल्वा, आता पुरे. तूही चल माझ्याबरोबर. डॉक्टरला दाखवू."

"अजून एक राहिली आहे. फ्लाविया."

फ्लाविया म्हणजे आदेमिरची धाकटी बहीण. त्याच्याच घरात राहायची. मी म्हटलं, "तो तुला दारात उभी करणार नाही."

"मी कुठे दारात उभी राहणार आहे? खालीच उभी राहीन."

ती खाली उभी राहिली. हे मला पुढे फ्लावियाने सांगितलं. लिंदाल्वाने हाक मारली, "आदेमिर, मी हिला न्यायला आलेय." आतून उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली नाही. खोकत उभी राहिली. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता. "जा," आदेमिर बहिणीला म्हणाला. "झोळी विसरू नकोस." तो बाहेर आला नाही.

त्या दिवशी फ्लावियाच लिंदाल्वाला आधार देत माझ्यापर्यंत घेऊन आली. पोटुशी बाई नर्सला धरून आणतेय हे बघून मी होडीतून उडी टाकली. लिंदाल्वाला वाक्य पुरं करता येत नव्हतं. तरी म्हणाली, "हिला... आधी बसव."

शहरातल्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. तिथली डॉक्टर नवी पोरगी होती, ताइनाराला ओळखणारी. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, मानाउसला हलवायला पाहिजे, इथे श्वासाचं यंत्र नाही. विमान मागवलं. विमान आलं, आम्हाला आवाजही आला, पण धुरात धावपट्टी दिसेना म्हणून ते घिरट्या घालून परत गेलं. दुसऱ्या दिवशी उडालंच नाही.

ताइनारा मानाउसहून बोटीने निघाली होती. बोट वाळूत रुतायची, निघायची, परत रुतायची. मध्ये कुठे फोन लागला तेव्हा मी तो लिंदाल्वाच्या कानाशी धरला. मास्कमधून ती बोलली ते मला ऐकू आलं.

"परीक्षा कधी आहे?"

"मावशी, परीक्षा जाऊ दे. मी येतेय."

"परीक्षा... बुडवू नकोस."

एवढंच. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

त्या उकाड्यात ठेवणं शक्य नव्हतं, आणि गावी नेणंही. चिखलातून शवपेटी कुणी नेणार? शहराच्याच दफनभूमीत पुरली. गावातली जी माणसं चालू शकत होती ती आली. बाळंतिणींच्या घरातल्या बायका एकमेकींना धरून आल्या, फ्लावियाही आली. आदेमिर आला नाही. खात्याने फुलांचं मोठं चक्र पाठवलं होतं. ते कुणी पेटीवर ठेवलं नाही, फेकूनही दिलं नाही. तसंच बाजूला राहिलं.

ताइनारा पोचली तेव्हा माती बसायला लागली होती. ती रडली नाही, आधी दवाखान्यात गेली. मृत्यूच्या दाखल्यावर फुप्फुसाचा दाह लिहिला होता.

"धूर लिही," ती डॉक्टरला म्हणाली.

"धूर हा आजार नाही, ताइनारा. तुलाही माहीत आहे."

"कारण तर आहे. त्याच्यासाठी खाली जागा असते. तिथे लिही."

"वरून मला विचारतील. माझी नोकरीही कराराची आहे."

एकाच वयाच्या पोरी, दोघींच्या डोळ्यांखाली काळं. मग डॉक्टरने पेन उचललं आणि लिहिलं.

फ्लावियाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्या घरातल्या आणखी एकीचं बाळ मात्र जन्मल्यावर वाचलं नाही. दिवस भरायच्या आतच आलं, फार लहान होतं. घर या वर्षी चालू राहील की नाही ते कुणी सांगत नाही. भाड्यावरून वाद आहे. आमच्या दवाखान्यात एक तरुण येतो; बरा आहे, पण पाणी उतरायला लागलं की तो शहरात जातो.

ताइनारा परीक्षा पास झाली. मानाउसच्या एका मोठ्या दवाखान्यात असते आणि सुटीच्या दिवशी तिच्या गटाबरोबर कुठल्या कुठल्या कचेऱ्यांच्या दारात बसते. मी एकदा तिला म्हटलं, "पोरी, गावी ये. गावाला डॉक्टर पाहिजे. तिथे कचेऱ्यांच्या दारात काय मिळणार तुला?"

"गावी आले तर एका वेळी एकाला वाचवीन, एदमारकाका. तेही पाणी असलं तर."

"आणि तिथे?"

"तिथे अजून कुणाला वाचवलं आहे असं मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

पाणी चढल्यावर गावातल्या काही जणांनी लिंदाल्वाला आणून आपल्या मातीत ठेवावं अशी गोष्ट काढली. तिला बोल लावणाऱ्या बायकाच त्यात पुढे होत्या. नगरपालिकेने सांगितलं, काही वर्षं थांबावं लागेल, तसा नियम आहे. आम्ही थांबलो आहोत. यंदा नदी पुरती भरलेली नाही.